चार वह्यांवरचा नकाशा

रंजिताला नेतृत्व शिकवायला पुण्याहून माणसं आली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, आणि सात वर्षं तेच काम करत होती. हे मी आधीच सांगून ठेवते. नंतर त्या लोकांनी एक रंगीत पत्रक छापलं, त्यात तिचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'प्रशिक्षणातून घडलेली'. मी ते पत्रक चुलीत घातलं.

घडवली असेल तर तिच्या वडिलांनी. यादोराव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. १९९९ साली रंजिताची दहावीची परीक्षा झाली आणि त्या उन्हाळ्यात ती रोज त्यांच्या सायकलवर मागे बसून कालव्यावर जाऊ लागली. उन्हाळी धानाला पाणी सुटायचं. लोक रात्रीतून कालवा फोडत, मधेच दगड टाकत. यादोराव फारसे बोलणारे नाहीत, पण पोरीला त्यांनी एक सवय लावली. पाणी कुठून सुटलं ते पाहायचं नाही. शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या अगदी टोकाच्या तुकड्यात, पोचलं का ते पाहायचं आणि मगच घरी यायचं. मी जेवण झाकून वाट पाहायची. ऊन उतरून गेलं तरी दोघांचा पत्ता नसायचा. मी चिडायची, तर ही म्हणायची, "शेवटची बांधी सुकी होती, आई."

मला ती मास्तरीण व्हायला हवी होती. मी गोंदियाच्या कॉलेजातून बी.ए. केलं, एकोणीसशे ब्याऐंशी साली, आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. नोकरी लागली नाही. त्या बी.ए.चा उपयोग एवढाच झाला की माझं अक्षर गावभर नावाजलं. कोणाचा अर्ज असो, तक्रार असो, लग्नाची पत्रिका असो, "प्रेमिलाबाईकडून लिहून आणा." आणि दर जूनमध्ये आळीतल्या पोरांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालून द्यायची. कात्री, भाताची खळ, आणि कोपरे अगदी धारदार. ती माझी हौस. त्या हौसेनंच पुढे घात केला.

रंजितानं डी.एड. केलं नाही. समाजकार्याची पदवी घेतली आणि २००५ साली केशोराव सरांच्या संस्थेत लागली. नवेगाव बांधच्या अलीकडे आमच्या भागात गावोगाव जुने तलाव आहेत. त्यातला गाळ काढायचा, पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, ती दुरुस्त करायची, पाणी कोणाला कधी याची यादी करायची, हे संस्थेचं काम. केशोराव सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. प्रत्येक सभेची सुरुवात ठरलेली, "आमच्या खापरपणजोबांनी हा तलाव बांधला." बांधला असेल. माती कोणी वाहिली ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण एक खरं, २०१० साली चाळीस माणसांसमोर ते म्हणाले होते, "माझ्यानंतर सचिव ही पोरगीच." मी त्या सभेला होते. घरी येऊन मी गोडाचं केलं. तेव्हापासून माझा जीव त्या एका वाक्यात अडकून राहिला. आमच्या घरातली मुलगी त्या खुर्चीवर बसेल, माझ्या बी.ए.चं कुठंतरी चीज होईल, असं मी धरून बसले.

मग सरांचा मुलगा हिमांशु नागपूरहून परत आला. मोबाईलचं दुकान बुडवून आला होता. तो रोज संस्थेत येऊन बसायचा. करायचा काही नाही, फक्त बसायचा.

२०१२ साली संस्थेला मदत करणाऱ्या पुण्याच्या मोठ्या लोकांचं पत्र आलं. प्रत्येक संस्थेनं उद्याचा एक नेता पाठवा, सहा वेळा, चार-चार दिवस, गोंदियात, हॉटेलच्या हॉलमध्ये. हिमांशुनं तोंड वाकडं केलं, "चार-चार दिन हॉल में कौन बैठेगा?" म्हणून रंजिताची वर्णी लागली. मला वाटलं, झालं, खुर्ची आता हिचीच.

पहिल्या खेपेहून ती आली तेव्हा मी विचारलं, "काय शिकवलं?"

"आज आम्ही डोळे मिटून झाड झालो."

"झाड?"

"हो. मुळं कुठं आहेत ते जाणवून घ्यायचं."

"सात वर्षं उन्हात पाळीवर उभी राहिलीस तेव्हा काय होतीस? खांब?"

"आई, तुले काहीच चांगलं दिसत नाही काऊन?"

ती चिडली की वडिलांसारखं बोलते. दुसऱ्या खेपेत त्यांना 'आम्ही' म्हणायला बंदी होती. 'आम्ही गाळ काढला' नाही, 'मी काढला' म्हणा. यादोराव हे ऐकून पहिल्यांदा हसले. म्हणाले, "गाळ एकट्यानं निघते काय वो?" पण ती गंभीर होती. शिकवणारी नीतू मॅडम तिला फार आवडायची. मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान बाई, दोन्ही हात हलवत हिंदीत बोलणारी. तिनं माझ्या मुलीच्या डोक्यात भरवलं की हिंमत असेल तर जे दिसतं ते कागदावर काढा.

तिसऱ्या खेपेत ते काढायला लावलं. आपल्या संस्थेत सत्ता कोणाच्या हातात आहे त्याचा नकाशा. मोठ्या खाकी कागदावर, रंगीत पेनांनी. नीतू मॅडम म्हणाल्या, इथलं बोलणं या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. आणि शेवटच्या दिवशी हॉल रिकामा करून द्यायचा म्हणून त्याच म्हणाल्या, "अपना-अपना चार्ट घर ले जाइए." रंजितानं तो कागद गुंडाळून आणला आणि कपाटामागे उभा करून ठेवला. हे सगळं मला नंतर कळलं.

जून आला. दरवर्षीप्रमाणे मी संस्थेतून चार कोऱ्या नोंदवह्या घरी आणल्या. पाणीवाटपाची, सभेची, हजेरीची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी सही करायची. कव्हरं घालणं हे माझं संस्थेतलं एकमेव काम, कोणी सांगितलेलं नाही, मीच धरलेलं. खाकी कागद संपला होता. कपाटामागे एवढा मोठा, जाड, चांगला कागद. एका बाजूनं चित्र होतं. तलाव दिसला, पाळ दिसली, बाण दिसले. मला वाटलं, वर्गात काढायला लावतात तसलं काहीतरी. चष्मा वर कपाळावर होता, खाली घ्यायचं सुचलं नाही. चित्राची बाजू आत केली आणि कात्री चालवली. एका कागदात बरोबर चार वह्या बसल्या, चिंधीही उरली नाही. मी स्वतःवर खूश झाले. वह्या नेऊन सरांच्या टेबलावर ठेवल्या. सर म्हणाले, "वा, प्रेमिलाबाई. कव्हर पाहावं तर तुमचंच."

जुलैत हिमांशुनं सहीच्या वहीवर पाण्यानं निथळणारा पेला ठेवला. कागद भिजला आणि आतली लाल शाई वर आली. आधी एक बाण. मग अक्षरं. त्यानं कव्हर फाडून काढलं. मग बाकीची तीन काढली.

सर आमच्या घरी आले ते दुपारी, पिशवी घेऊन. रंजिता गोंदियाला चौथ्या खेपेला गेली होती. यादोराव ओट्यावर होते. सर खाटेवर बसले नाहीत. त्यांनी खाटेवर ते चार तुकडे ठेवले, एकाला एक जोडून, घड्या हातानं सपाट करत, मास्तर नकाशा लावतो तसे.

"वाचा," ते म्हणाले. "चष्मा लावून वाचा."

तलाव म्हणजे संस्था होती. मधोमध तुडूम. तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातलं दगडी तोंड, त्याचं बूच काढलं की पाणी शेतांकडे निघतं. त्या बुचावर छत्री घेतलेला एक माणूस, खाली लिहिलेलं, 'सर. बूच यांच्याच हातात.' पाळीवर झाडाखाली खुर्ची, 'हिमांशु. येतो, बसतो. पाळीवरचा पाहुणा.' खाली दूर, टोकाच्या बांध्यांमध्ये पुष्कळ ठिपके, 'बाया'. आणि पाळीच्या खालच्या अंगाला, चिखलात, काडीसारखी एक मुलगी. 'मी. तुडूम उघडायच्या दिवशी.'

"मी पाळीखाली उभी करतो म्हणे हिला," सर म्हणाले. "तुमच्यात पूजा नाही. तिला अवघड होऊ नये म्हणून मी म्हणतो, बाई, तू जरा खाली थांब. एवढीच गोष्ट. अन् हिनं त्याचा असा तमाशा करावा?"

"कोणती पूजा?" मी विचारलं.

मला माहीतच नव्हतं. आश्विनात पाऊस थांबला की तुडूम उघडतात, त्या दिवशी ती भल्या सकाळी जायची. वर्षभर गाळ तिनं काढून घेतलेला, यादी तिची. घरी येऊन म्हणायची, "सुटलं पाणी." सात वर्षं एवढंच म्हणायची. वर पूजा चालू असताना ही खाली उभी असते, हे तिनं मला सांगितलं नाही. तिथल्या हॉलमध्ये परक्या लोकांना सांगितलं.

"मी तिला लेकीसारखं वागवलं," सर म्हणाले. "आता रविवारी सभा आहे. मी आता थांबतो आहे, नवा सचिव ठरवायचा आहे. लेखी माफी द्या, मी सभेत वाचतो, विषय संपवतो. मग तिचा विचार करू. नाहीतर उद्यापासून तिनं येऊ नये."

यादोराव ओट्यावरून म्हणाले, "सर, पोरगी आल्यावर तिलेच पुसा न."

"मी तुमच्याशी बोलत नाही," सर म्हणाले आणि गेले. तुकडे पिशवीत भरून गेले.

मी नीतू मॅडमला फोन लावला आणि वह्यांच्या कव्हरांपासून सगळं सांगितलं. नंबर रंजिताच्या वहीत होता.

"तुम्ही म्हणालात, बाहेर जाणार नाही. मग कागद घरी का दिला?"

"आंटी, ये तो लर्निंग प्रोसेस है. संस्था में कॉन्फ्लिक्ट आना अच्छा साइन है."

"मॅडम, तुमची पण नोकरी गेली तर ते चांगलं साइन म्हणायचं काय?"

"आंटी, रंजिता बहुत स्ट्राँग है."

"तिला मी ओळखते. तुम्ही चार दिवसांसाठी येता, आमचं कुलूप उघडता आणि गाडीत बसून निघून जाता. मागं चोर शिरला की लर्निंग."

तिनं फोन ठेवला नाही, हे कबूल करते. शांतपणे म्हणाली, "आंटी, पर चार्ट का कवर किसने बनाया?" मीच ठेवला.

रंजिता आली तेव्हा तिला रस्त्यातच कळलं होतं. दारातून आत येण्याआधीच म्हणाली, "वाचता येते न तुले? बी.ए. आहेस न?"

"मला वाटलं वर्गातलं चित्र आहे."

"दुसऱ्याचा कागद कापताना विचारावं लागते."

"दुसऱ्याचा? माझ्या घरातला कागद! आणि हे असलं लिहायचं तर जाळून टाकायचं होतंस. आता दे लिहून माफी. दोन ओळी. मी लिहून देते, तू सही कर."

"त्यात खोटं काय आहे?"

"खरं आहे म्हणूनच माफी मागावी लागते! खोटं असतं तर हसून सोडलं असतं त्यांनी."

ती जेवायला बसली, मी ताट वाढलं. "सही नाही करणार," म्हणाली आणि ताट सरकवून उठली. बापाकडे पाहिलं. यादोराव म्हणाले, "तिचं ती पाहील. तू नको पडू त्यात." हे मला म्हणाले.

मी पडले. दोन दिवस मला घास गेला नाही. अठ्ठावीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, सात वर्षं एका संस्थेला दिलेली, उद्या कोण विचारेल? सरांचा शब्द भंडाऱ्यापर्यंत चालतो. शनिवारी ती बाहेर गेली आणि मी कोरा कागद घेतला. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. 'माझ्या हातून अविचारानं जे चित्र काढलं गेलं त्याबद्दल मी आदरणीय सरांची क्षमा मागते.' खाली तिची सही केली. तिची सही मला चांगली येते, शाळेची पत्रं मीच लिहायची, खाली तिची सहीही मीच करायची. सरांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी चष्म्यातून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. अक्षर त्यांनी ओळखलं होतं, आता मला ते पक्कं कळतं.

रविवारी सभा भरली. पुरुष पुढं, बाया मागं. टोकाच्या बांध्यांवरच्या बायाही आल्या होत्या, भागीरथा त्यांची पुढारीण, तोंडानं फाटकी. मी तिच्या शेजारी बसले. हिमांशुनं चिठ्ठी वाचली, अडखळत. 'अविचारानं' ला दोनदा ठेचाळला. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "पोरीनं मोठं मन दाखवलं."

रंजिता उठली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती पुढं गेली, हिमांशुच्या हातातली चिठ्ठी घेतली, पाहिली. मला वाटलं, आता ती गप्प बसेल. आई आहे मी. चाळीस माणसांत आईला खोटं पाडत नाही कोणी.

"अक्षर माझ्या आईचं आहे," ती म्हणाली. "सही पण तिनंच केली. नकाशा माझा आहे."

मग पुढून कोणीतरी म्हणालं, "घ्या! मायलेकीचंच जमून नाही राहिलं, अन् संस्था चालवते म्हणे." सगळे हसले. भागीरथा माझ्या कानाशी म्हणाली, "काय वो बाई, पोरीची सही मारली? आमच्या अर्जावर पण तूच मारत असशील मंग."

सर उठले. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी पिशवीतून चार तुकडे काढले आणि भिंतीवर टाचण्यांनी लावले. सगळ्यांना दिसेल असे. मास्तरच ते, छडी हातात घेतली.

"हा मी. नाव लिहिलं आहे. हा हिमांशु. नाव आहे. ही ती स्वतः. आता हे खाली ठिपके आहेत. मी मोजले, तेवीस आहेत. खाली काय लिहिलं? 'बाया'. रंजिता, तू म्हणतेस मी कोणाला वर येऊ देत नाही. तू यांना नाव पण नाही दिलं. भागीरथाबाई, सांगा, यातला तुमचा ठिपका कोणता?"

भागीरथानं मान लांब करून पाहिलं. "मले का माहीत बापा. सारेच सारखे दिसून राहिले."

पुन्हा हसू. रंजिता भिंतीजवळ जाऊन एकेक ठिपका बोटानं मोजू लागली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. या माणसाचा मला राग येतो, आजही येतो. पण त्या दिवशी त्यानं तिला जे शिकवलं ते पुण्याच्या माणसांना चोवीस दिवसांत जमणार नव्हतं, आणि त्यानं ते तिला मारायला म्हणून शिकवलं.

हात वर करून मतं घेतली आणि हिमांशु सचिव झाला. भागीरथाचाही हात वर होता.

रंजितानं भिंतीवरून चारही तुकडे काढले, टाचण्या परत टेबलावर ठेवल्या आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. माझ्याशी बोलली नाही. आठवडा, दोन आठवडे, महिना. वाढलं तर जेवायची. यादोराव आमच्या दोघींमध्ये निरोप नेत. "ती म्हणते मीठ जास्त झालं." "तिला सांगा, स्वतः कर."

रोज सकाळी ती टोकाच्या बांध्यांकडे जायची, वही घेऊन. नावं विचारायला. सात वर्षं ती त्या बायांना 'मेश्रामची सून', 'नाल्यावरची', 'धाकटी' अशी ओळखत होती. बायांनी सुखासुखी नावं दिली नाहीत. यादोरावांनी ऐकलेलं मला सांगितलं. भागीरथा रोवणीतून मान वर न करता म्हणाली, "नाव कायले पायजे? पुन्हा भिंतीवर टांगून हासवाचं हाये काय? पहिले कागद दाखव, मंग सांगीन." रंजितानं चार तुकडे दाखवले. भागीरथानं चिखलाच्या बोटानं एक ठिपका दाबला. "हा माहा. मोठा कर याले."

आश्विनात तुडूम उघडलं. पाळीवर पूजा झाली, सरांची छत्री होती, हिमांशु होता. पाळीखाली कोणी उभं नव्हतं. रंजिता दोन कोस पुढं, शेवटच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, बसली होती, बायांबरोबर. यंदा यादी हिमांशुची होती. पाणी तिसऱ्या दिवशी पोचलं, तेही घोट्याएवढं नाही. भागीरथा त्या संध्याकाळी बाकीच्या बावीस बाया घेऊन सरांच्या दारात गेली आणि जे बोलली ते मी लिहू शकत नाही. रंजिता मागं उभी होती, म्हणे. एक शब्द बोलली नाही.

संस्थेत ती परत गेली नाही. कामठ्याच्या बाजूला दुसऱ्या एका लहान संस्थेत तिला काम मिळालं, पगार कमी, बस दोन बदलायच्या. मला वाटलं होतं तेवढं वाईट झालं नाही. मला हवं होतं तेवढं चांगलंही झालं नाही. खुर्ची गेली. हे मी रोज मनात म्हणते.

पण हे आणखी एका गोष्टीसाठी लिहिते आहे. संस्था सुटली तरी गोंदियाच्या खेपा तिनं सोडल्या नव्हत्या, आणि सहाव्या खेपेला सगळ्यांनी आपला नकाशा पुन्हा काढून न्यायचा होता. जायच्या दिवशी सकाळी मी उठले तर टेबलावर एक नवा खाकी कागद पसरलेला होता. चित्र वर. चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवलेल्या. ती न्हाणीत होती.

या वेळी मी चष्मा लावला. तलाव तोच. सर तिथेच, बुचावर. हिमांशु खुर्चीवर. खाली ठिपके नव्हते, तेवीस गोल होते आणि प्रत्येकात नाव होतं. भागीरथा, रुख्मिणी, चंद्रकांता, मोनाली. भागीरथाचा सर्वांत मोठा. सगळी वाचत मी वर आले. सरांच्या शेजारी, बुचाला लागून, एक बारीकसा गोल होता. त्यातून एक लाल बाण निघून काडीसारख्या मुलीपर्यंत गेला होता. गोलात लिहिलं होतं, 'प्रेमिला. माझी आई. माझ्या नावानं सही केली.'

का केली, ते लिहिलं नव्हतं. तिला माहीत नाही असं नाही.

ती केस पुसत बाहेर आली. तीन महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"वाचलं?"

"हो."

"काही चुकलं असेल तर सांग. आता सांग, तिथं सगळ्यांसमोर लावणार आहे."

मी पुन्हा पाहिलं. बुचावर सर, खुर्चीवर हिमांशु, आणि माझा गोल.

"माझा गोल लहान काढलास," मी म्हणाले.

तिनं वाट्या उचलल्या, एकात एक घातल्या, कागद गुंडाळला आणि दोरी बांधली. लाल पेन टेबलावरच राहिला होता. तो तिनं पर्समध्ये टाकला आणि बसस्टँडकडे निघाली. गोल मोठा केला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.